गांजा ओढणारा मुलगा एकटाच बोलू लागला तर...

‘गांजा म्हणजे महादेवाची बुटी, तिने काय होते?’ असे म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. विडी-दारूपेक्षा गांजा बरा, असेही तरुण मुले ऐकवतात. हा समज घातक आहे.

गांजातील टीएचसी या द्रव्याने नशा येते. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालते. त्या वयात रोज ही नशा केल्यास विचारांवरचा ताबा सुटू शकतो. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या सुमारे ४५ हजार तरुणांची १५ वर्षांची माहिती तपासली गेली. १९८७ च्या या अभ्यासात, पन्नासहून अधिक वेळा गांजा-चरस घेतलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट आढळले. इतर कारणे जमेस धरल्यावर फरक कमी झाला, पण उरला. गांजा ओढणारा प्रत्येक जण आजारी पडत नाही, हे खरे. मात्र कोवळे वय, रोजचे व्यसन आणि रक्ताच्या नात्यात मानसिक आजार असेल, तर धोका बराच वाढतो.

झोप उडणे, घरच्यांवर संशय घेणे, कानात आवाज येणे, एकटेच बोलणे, अंघोळ-जेवणाचे भान न राहणे ही लक्षणे ओळखा. अशा वेळी ‘बाहेरची बाधा’ समजून अनेक कुटुंबे पिंपळगाव सराईजवळच्या सैलानीची वाट धरतात. श्रद्धेला आमचा विरोध नाही. सैलानीला जरूर जा, पण औषध थांबवू नका. उपचारास जितका उशीर, तितका आजार मुरतो. रुग्णाला साखळीने बांधणे तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने निषिद्ध आहे.

मग करावे काय? मारझोड करू नका, वाद घालू नका. जवळच्या डॉक्टरांकडे किंवा जिल्हा रुग्णालयात न्या आणि गांजाचे स्पष्ट सांगा. बदनामीच्या भीतीने लपवाल तर निदान चुकेल. गांजा बंद करून वेळेवर औषध दिल्यास काही रुग्ण थोड्या दिवसांतच सावरतात, काहींना दीर्घकाळ उपचार लागतात. बरे वाटले म्हणून गोळ्या मनाने बंद करू नयेत. पुन्हा गांजा ओढला तर आजार उलटतो, हेही मुलाला समजावून सांगावे.

घरबसल्या सल्ला हवा असल्यास ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तिथे मराठीतूनही बोलता येते.