झडप, चावी आणि स्मृती : भूमिगत नळव्यवस्थेच्या शब्दसंपत्तीविषयी काही विचार

नगरांतील पाणीपुरवठा हा विषय स्थापत्यशास्त्राचा मानला जातो. तथापि जमिनीखालील नळ व झडपा यांची देखभाल ज्या ज्ञानावर चालते, त्याचा मोठा भाग कागदावर नसून बोलीत असतो; म्हणून भाषेच्या अभ्यासकानेही त्याची दखल घेणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात सातारा व सांगली या दोन नगरांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

दोन्ही नगरांची प्रकृती भिन्न आहे. साताऱ्यास एकोणिसाव्या शतकापासून कासच्या तलावाचे पाणी मिळते व ते केवळ उतारामुळे वाहत येते. पाण्याचा स्तंभ दर 10 मीटर उंचीस चौरस सेंटिमीटरमागे सुमारे 1 किलोग्रॅम दाब देतो. त्यामुळे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी चढउतारावर वसलेल्या या शहरात वरच्या आळीला पाणी पोचवावयाचे, तर खालच्या भागाचा दाब आवरावा लागतो. सांगली सपाटीवर आहे. तेथे कृष्णेचे पाणी यंत्राने उपसावे लागते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि नळांचे सांधे हलविते. शिवाय महापुराचे संकट आहेच : ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली होती.

अशा व्यवस्थेचे नियंत्रण ज्या साधनाने होते, त्याला शासकीय परिभाषेत ‘झडप’ म्हणतात. इंग्रजी ‘व्हॉल्व्ह’चे मूळ लॅटिन ‘वाल्वा’ म्हणजे दाराचे पाखे. मराठी ‘झडप’चाही एक अर्थ तोच. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा प्रतिशब्द निर्दोष होय. परंतु रस्त्याखालच्या नेहमीच्या साधनात पाखे उघडमीट करीत नाही. आटे असलेला दांडा फिरविला की पाचरीसारखी तबकडी वरखाली सरकते. व्यवहारात लोक त्याला ‘वॉल’ किंवा ‘चावी’ म्हणतात. पोर्तुगीज भाषेतून आलेला ‘चावी’ हा शब्द येथे फिरविण्याचे हत्यार आणि फिरणारी वस्तू या दोहोंना लागू होतो. परिभाषेने आकार पाहिला, बोलीने हाताची क्रिया पाहिली.

देखभालीचे मर्मही या क्रियेतच आहे. जी झडप वर्षानुवर्षे फिरविली जात नाही, तिचा दांडा गंजून धरतो व तबकडीखाली गाळ साचतो. म्हणून प्रत्येक झडप वर्षातून एकदा तरी पूर्ण बंद करून पुन्हा उघडावी आणि फेरे मोजून नोंदवावेत, असा दंडक आहे. फेरे कमी भरले, तर तबकडी मध्येच अडली असे समजावे. उलटपक्षी, ठरावीक वेळीच पाणी देणाऱ्या आपल्या नगरांत काही झडपा रोज फिरतात; त्यांची दांड्याभोवतीची गुंडाळी झिजून गळती लागते. झडप एकदम मिटली, तर धावत्या पाण्याचा आघात नळ फोडतो. आणि नळ रिकामा झाला की आतील दाब घटून गळतीच्या छिद्रातून बाहेरचे दूषित पाणी आत शोषले जाते. गळती हा केवळ अपव्यय नव्हे. तो आरोग्याचा प्रश्न आहे.

आता व्याकरणाकडे वळू. गृहस्थ म्हणतो, ‘पाणी आले’. चावी फिरविणारा म्हणतो, ‘पाणी सोडले’. पहिल्या वाक्यात पाणीच कर्ता झाले आहे आणि सोडणारा मनुष्य वाक्याबाहेर राहिला आहे. तो कार्यालयीन नोंदीबाहेरही राहतो, ही खरी अडचण आहे. झडपेची जागा तो क्रमांकाने नव्हे, तर ‘पाराजवळची’, ‘गिरणीमागची’ अशा खुणेने ओळखतो. पार पाडला जातो, गिरणी बंद पडते, रस्त्यावर डांबराचे थर चढतात आणि मनुष्य निवृत्त होतो. मग नळ फुटला असता झडप जागेवर असूनही सापडत नाही. एका गल्लीचे काम उरकण्यासाठी अख्ख्या भागाचे पाणी तोडावे लागते.

नकाशावर क्रमांक घालणे अवश्य आहेच. परंतु त्या क्रमांकापुढे बोलीतील नाव, जुनी खूण, फिरविण्याची दिशा आणि फेऱ्यांची संख्या लिहिली पाहिजे. ही माहिती विचारून, ऐकून व पडताळून टिपावी लागते. बोलींच्या सर्वेक्षणाची पद्धती आपल्या विद्यार्थ्यांना अवगत आहे. तिचा असा विनियोग झाल्यास कोशाला अस्सल शब्द मिळतील आणि नगराला त्याच्या हरवत चाललेल्या चाव्या.