अपिलाची वाट नसलेले कोर्ट

अमेरिकेत आयझॅक पार्कर यांना लोक आजही ‘फाशीवाला न्यायाधीश’ म्हणतात. 21 वर्षांत 160 जणांना फाशीची शिक्षा, त्यातले 79 प्रत्यक्ष फासावर. आकडे खरे आहेत, पण टोपणनावात कायद्याचा भाग कुठेच येत नाही.

पार्कर मुळात राजकारणी. जन्म ओहायोत, 1838 चा. मिसुरीतल्या सेंट जोसेफ गावात वकिली केली आणि रिपब्लिकन पक्षातर्फे दोनदा काँग्रेसवर निवडून गेले. पुढे मिसुरीत डेमोक्रॅटांचा जोर वाढला आणि त्यांची वाट खुंटली. आपल्या माणसांची सोय लावण्याची रीत तिथेही होतीच. 1875 मध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी त्यांना युटा प्रांताचे मुख्य न्यायाधीशपद देऊ केले. पार्कर यांनी त्याऐवजी आर्कान्सातल्या फोर्ट स्मिथचे जिल्हा न्यायालय मागून घेतले. प्रांतातली नेमणूक चार वर्षांची, जिल्हा न्यायालयातली तहहयात. हिशेब चुकीचा नव्हता. आधीचे न्यायाधीश भ्रष्टाचाराच्या आरोपांमुळे पायउतार झाले होते. छत्तिसाव्या वर्षी पार्कर त्या खुर्चीत बसले.

या कोर्टाची हद्द आर्कान्सापुरती नव्हती. शेजारचा ‘इंडियन टेरिटरी’ हा सारा मुलूखही, आजच्या ओक्लाहोमाचा मोठा भाग, त्याच्याच अखत्यारीत. मूलनिवासींची आपसातली भांडणे त्यांची स्वतःची न्यायालये मिटवत; पण प्रकरणात मूलनिवासी नसलेला माणूस आला की ते फोर्ट स्मिथला येई. कायदा असा, की खून किंवा बलात्कार शाबीत झाला तर शिक्षा एकच: फाशी. दोषी ठरवणार ज्यूरी, शिक्षा आधीच ठरलेली. न्यायाधीशाला सूट देण्याची मुभाच नव्हती, आणि 1889 पर्यंत अशा निकालावर अपीलही नव्हते. उरायचा तो राष्ट्राध्यक्षांकडचा दयेचा अर्ज. 3 सप्टेंबर 1875 रोजी सहा जणांना एकाच वेळी फाशी दिली गेली, ती पाहायला हजारो लोक जमले. टोपणनावाची सुरुवात तिथेच झाली असावी.

तरी सगळा दोष कायद्यावर ढकलता येत नाही. ज्यूरीला सूचना देताना पार्कर बरेचदा सरकारी वकिलासारखेच बोलत. अपिलाची वाट उघडल्यावर सर्वोच्च न्यायालयाने अपिलात आलेले त्यांचे निम्म्याहून अधिक निकाल फिरवले, आणि त्यावर पार्कर यांनी जाहीर वाद घातला. याच पार्कर यांनी एका मुलाखतीत सांगितले होते, की शिक्षा खात्रीने होणार असेल तर फाशी रद्द करायला आपली ना नाही.

सप्टेंबर 1896 मध्ये टेरिटरीवरचा त्यांचा अधिकार संपला, नोव्हेंबरात ते गेले. पुढच्याच जानेवारीत काँग्रेसने कायदा करून दोषी ठरवतानाही फाशी टाळण्याचा अधिकार ज्यूरीला दिला.