औषध आणि पुरावा – भाग ६ : गरब्याचा चेहरा आषाढीला घडतो

मागच्या भागात कोंड्याविषयी लिहिलं होतं. आज मुरुम, म्हणजे आपल्या घरोघरचे पिंपल्स.

चनियाचोळी शिवून आली की चेहऱ्याकडे लक्ष जातं आणि वडोदऱ्यात दांडिया बाजारापासून अलकापुरीपर्यंत औषधाच्या दुकानात एकच विचारणा होते: 'चार दिवसांत जातील असं काही द्या.' असं औषध नाही. रोमछिद्राचं तोंड मृत पेशींनी बुजतं, आत तेल साचतं, त्यात क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हे जिवाणू माजतात आणि मग लाली नि पू येतो. मुरुम दिसण्याच्या कितीतरी आठवडे आधी हे सुरू झालेलं असतं. त्यामुळे आज लावलेलं औषध मुख्यतः पुढचे मुरुम अडवतं. त्याचा निकाल आठ ते बारा आठवड्यांनीच लावायचा.

लावायच्या औषधांत भक्कम पुरावा दोघांचा. बेन्झॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारतं आणि जिवाणूंना त्याची सवय होत नाही. त्याचं २.५ टक्क्यांचं जेल १० टक्क्यांच्या जेलइतकंच काम करतं आणि कमी जळजळतं, म्हणून जास्त टक्क्यांचा मोह नको. मात्र रंगीत कापडावर त्याचे पांढरे डाग पडतात. ओढणी आणि उशीचा अभ्रा सांभाळा. दुसरं अ‍ॅडापलीन. ते छिद्रं बुजू देत नाही. अमेरिकेत त्याचं ०.१ टक्क्याचं जेल २०१६पासून चिठ्ठीविना मिळतं. रात्री, मटाराच्या दाण्याएवढं, फक्त मुरुमावर नव्हे तर मुरुम येतात त्या सगळ्या भागावर लावायचं. सुरुवातीला त्वचा सोलवटते, तेव्हा एक दिवसाआड लावा. गरोदरपणात ते टाळावं.

सॅलिसिलिक अ‍ॅसिडच्या फेसवॉशचा पुरावा त्यामानाने तोकडा. सहाणेवर उगाळलेल्या जायफळाच्या नीट चाचण्याच नाहीत. लिंबू आणि टूथपेस्ट तर त्वचा पोळवतात.

'चार दिवसांत' चेहरा उजळवणाऱ्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड असतं. लाली झटक्यात ओसरते. पुढे त्वचा पातळ होते, केस उगवतात आणि मुरुम दुपटीने येतात. २०११मध्ये देशातल्या १२ त्वचारोग केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉइड क्रीम लावत होते आणि त्यांच्यात सर्वाधिक दिसलेला दुष्परिणाम मुरुमांचाच होता. २०१८मध्ये केंद्र सरकारने अशी क्रीम्स चिठ्ठीच्या औषधांत घातली. तरीही ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा: बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही नावं दिसली तर ती मुरुमांवर लावू नका.

गाठी, खड्डे किंवा पाठभर मुरुम असतील तर पोटातून औषध लागतं. डॉक्सिसायक्लिन तीन-चार महिन्यांपुरतंच घ्यायचं, तेही बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या जोडीने; नुसत्या अँटिबायोटिकने जिवाणू निर्ढावतात. गोळी भरपूर पाण्यासोबत घ्या, लगेच आडवं होऊ नका, उन्हात जपा. प्रौढ स्त्रियांसाठी स्पायरोनोलॅक्टोन हा पर्याय आहे. ब्रिटनमधल्या ४१० स्त्रियांवरच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२३मध्ये आले, ते नकली गोळीपेक्षा सरस ठरलं आणि फरक २४ आठवड्यांनी अधिक ठळक दिसला.

सगळ्यांत प्रभावी आयसोट्रेटिनोइन, अमेरिकेत १९८२मध्ये मंजूर झालेलं. कित्येकांचे मुरुम एका कोर्सनंतर परत येत नाहीत. पण गर्भावर त्याचे भयंकर परिणाम होतात. म्हणून गर्भ नसल्याची खात्री केल्याशिवाय ते सुरू करायचं नाही आणि उपचार संपल्यावरही महिनाभर गर्भधारणा टाळायची. ओठ फुटणं नेहमीचंच; यकृत आणि चरबीची रक्ततपासणी करावी लागते. मैत्रिणीची उरलेली पाकिटं हा उपचार नव्हे. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, सयाजी हॉस्पिटलमध्येही त्वचाविभाग आहे.

तेव्हा हिशेब सोपा आहे: आश्विनातल्या गरब्यासाठी चेहरा हवा असेल तर उपचार आषाढी एकादशीच्या सुमारास सुरू करा, आणि घटस्थापनेच्या आठवड्यात नवी ट्यूब विकत घेऊ नका.