राणीच्या बागेची कहाणी

गावाकडचा पाहुणा मुंबईस आला की त्याला दाखवावयाच्या ठिकाणांची यादी मुंबईकरांच्या घरी तोंडपाठ असे. गेटवे, चौपाटी, महालक्ष्मीचे देऊळ, म्हातारीचा बूट आणि राणीची बाग. वेळ कमी असला तर यादीतील इतर ठिकाणे गाळली जात. पण बरोबर मुले असली तर राणीची बाग चुकवून भागत नसे. आम्हीही लहानपणी वडीलधाऱ्यांचे बोट धरून ही बाग पाहिली. हत्ती पाहिला, माकडांच्या पिंजऱ्यापुढे तास घालविला, झाडाखाली सतरंजी पसरून घरून आणलेल्या दशम्या खाल्ल्या. ते झाड कोणते, हे विचारण्याचे मात्र कोणालाही सुचले नाही. पुष्कळ वर्षांनी उमगले की, बागेतील सर्वांत मोलाची वस्तू आम्ही त्या दिवशी पाहूनही पाहिली नव्हती. अशीच चूक अनेकांकडून होत असावी. म्हणून हा लेखप्रपंच.

भायखळ्याची ही बाग आज अधिकृतपणे 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान' या नावाने ओळखली जाते. हे नामांतर १९६९ साली झाले. त्यापूर्वीचे नाव 'व्हिक्टोरिया गार्डन्स'. सामान्य माणसाने हे इंग्रजी नाव कधी जिभेवर घेतलेच नाही. गार्डन ती बाग आणि व्हिक्टोरिया ती राणी, असा सरळ हिशेब करून त्याने 'राणीची बाग' हे आपले नाव ठेवले. गंमत अशी की नामांतरानंतरही ते टिकले. आता त्या नावातील राणी कोणती, याचा विचारही कोणी करीत नाही.

या बागेचे मूळ भायखळ्यात नाही. ते शिवडीस आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पश्चिम हिंदुस्थानात शेती व बागायत सुधारावी या हेतूने एक संस्था निघाली होती. निरनिराळ्या देशांतील उपयुक्त झाडे आणावयाची, ती येथील हवेत जगतात की नाही ते पाहावयाचे, आणि जगली तर त्यांचा प्रसार करावयाचा, असा तिचा उद्योग. शिवडीस तिची बाग होती. पुढे ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली आणि बागेस नवे घर शोधणे भाग पडले. भायखळ्यास माझगावच्या बाजूला जागा मिळाली आणि नोव्हेंबर १८६२ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते नवी बाग लोकांसाठी खुली झाली. १८७३ साली ती नगरपालिकेच्या ताब्यात आली. १८९० च्या सुमारास लगतची जमीन जोडून प्राणिसंग्रहालयासाठी जागा करण्यात आली. आज बागेचा विस्तार सुमारे ५० एकर आहे.

हा क्रम वाचकांनी नीट ध्यानात ठेवावा. आधी झाडे आली, प्राणी मागाहून आले. ज्या जागेस आपण 'प्राण्यांची बाग' समजतो ती जन्माने वनस्पतींची बाग आहे. तिच्या इतिहासातील पुढचे सगळे वाद या एका गोष्टीच्या विस्मरणातून निघालेले आहेत.

बाग ज्या काळात उभी राहिली तो काळही पाहण्याजोगा आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला. हिंदुस्थानी कापसाचे भाव कडाडले आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. १८६५ साली युद्ध संपताच तो पूर ओसरला व कित्येक पेढ्या बुडाल्या. पण त्या अवधीत जे दगडाविटांत रुतले ते उरले. बागेच्या प्रवेशाजवळचा घड्याळाचा मनोरा डेव्हिड ससून यांच्या देणगीचा. तो १८६५ चा.

बागेच्या दाराशीच वस्तुसंग्रहालय आहे. त्याच्या मुळाशी दोन मराठी माणसांची नावे आहेत. फोर्टमध्ये पूर्वी एक लहानसा संग्रह होता. १८५७ च्या धामधुमीत सैनिकांना जागा हवी म्हणून तो अस्ताव्यस्त झाला. त्यातून नवे, कायमचे संग्रहालय उभारण्यासाठी जी समिती झाली तिचे अध्यक्ष नाना शंकरशेट, आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्याबरोबर चिटणीस डॉ. भाऊ दाजी लाड. भाऊ मूळचे गोव्यातील मांद्र्याचे. धंद्याने वैद्य, वृत्तीने संशोधक. शिलालेख वाचणे, जुनी नाणी जमविणे हा त्यांचा छंद. इमारतीची कोनशिला १८६२ साली बसली आणि २ मे १८७२ रोजी संग्रहालय उघडले. नाना तोवर निवर्तले होते. भाऊ १८७४ साली गेले. 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट' हे मूळ नाव जाऊन १९७५ साली संग्रहालयास भाऊंचे नाव मिळाले. मधल्या काळात वास्तूची फार दुर्दशा झाली होती. महानगरपालिका, 'इन्टॅक' ही वारसासंस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून तिचा जीर्णोद्धार केला. या कामास २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार लाभला, आणि २००८ पासून संग्रहालय पुन्हा लोकांसाठी खुले झाले. आतील रंगविलेले छत, लोखंडी खांब, मातीच्या प्रतिमा आणि जुन्या मुंबईचे नमुने सावकाश पाहावयाचे तर एक दुपार पुरत नाही.

संग्रहालयाबाहेर काळ्या दगडाचा एक हत्ती उभा आहे. मुले त्याच्याकडे ढुंकूनही पाहात नसत, कारण पलीकडे जिवंत हत्ती असे. पण या दगडी हत्तीने एका बेटास नाव दिले आहे. घारापुरीच्या किनाऱ्याजवळ हा हत्ती पाहूनच पोर्तुगीजांनी त्या बेटास 'एलिफंटा' म्हटले. १८६४ साली त्याला इंग्लंडास नेण्याची खटपट झाली. उचलताना यारी मोडली, हत्ती कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत पडून राहिले व १९१४ साली सांधून पुन्हा हत्ती उभा करण्यात आला. जवळ गेल्यास सांधे आजही दिसतात. आम्हांस ते सांधे मूर्तीहूनही बोलके वाटतात.

त्याच परिसरात काही पदच्युत मंडळीही भेटतात. १९६५ साली शहराच्या चौकांतील इंग्रजी राजवटीचे पुतळे हलविले गेले व त्यांतील कित्येकांना या बागेत आसरा मिळाला. काळा घोडा ज्या पुतळ्यामुळे काळा घोडा झाला, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा येथेच आहे. घोडा गेला तरी त्या चौकाचे नाव गेले नाही. २०१७ साली तेथे स्वाराविना एक नवा घोडा उभा राहिला.

आता मुख्य ऐश्वर्याकडे, म्हणजे झाडांकडे, वळू. बागेच्या वृक्षगणनेत सुमारे २८६ जातींचे तीन हजारांहून अधिक वृक्ष नोंदले गेले आहेत. एवढ्या लहान जागेत एवढे वैविध्य मुंबईत दुसरीकडे नाही. वसंतात जावे. सीतेचा अशोक केशरी-तांबड्या गुच्छांनी लगडलेला असतो. ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी याच दिवसांत फुलते. तिचे लोंबते तुरे एकदा पाहिले म्हणजे तिला हे नाव का मिळाले ते विचारावे लागत नाही. कैलासपती दक्षिण अमेरिकेचा. त्याची फुले फांद्यांच्या टोकांस न येता खोडावरच येतात. फुलाच्या मध्यभागी आपल्या लोकांस नागफणीखालची शिवपिंडी दिसली आणि परक्या मुलखातल्या झाडाचे बारसे झाले. त्याचे फळ मात्र तोफेच्या गोळ्याएवढे. म्हणून झाडाखाली बसताना वर पाहावे.

गोरखचिंच आफ्रिकेची. तिचे खोड म्हणजे पाण्याची कोठीच होय. पावसाचे पाणी त्यात साठवून ती दुष्काळ काढते. पांढरी मोठी फुले रात्री उमलतात आणि परागवहनाचे काम वटवाघळे करतात. कृष्णवडाचे पान देठाशी दुमडून त्याचा द्रोण झालेला असतो. बाळकृष्णाने चोरलेले लोणी या पानात लपविले, अशी गोष्ट सांगतात. अशा झाडांपुढे मुलाला नुसते उभे केले तरी भूगोल, वनस्पतिशास्त्र आणि पुराण यांचा एकत्र पाठ होतो. त्यासाठी पाटी लागत नाही; बरोबरच्या मोठ्या माणसास दोन गोष्टी ठाऊक असल्या म्हणजे पुरे.

प्राण्यांविषयी मत देताना सावध राहावे लागते. पिंजऱ्यात येरझारा घालणारा वाघ पाहून आम्हांस बालपणीही आनंदापेक्षा भीती अधिक वाटली होती आणि मोठेपणी भीतीच्या जागी खंत आली. अलीकडे लोखंडी गजांच्या जागी काचा आणि मोकळे आवार आले, हा निःसंशय पालट आहे. २०१६ साली कोरियाहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. त्यांतील एक त्याच वर्षी दगावला व समुद्रकाठच्या उष्ण शहरात थंड पाण्याचा पक्षी आणावा काय, यावर पुष्कळ वाद झाला. २०१७ च्या मार्चपासून पेंग्विन लोकांस पाहावयास मिळू लागले आणि गर्दी लोटली. २०२० साली छत्रपती संभाजीनगरच्या (त्या वेळच्या औरंगाबादच्या) सिद्धार्थ उद्यानातून वाघांची जोडी आली. पक्ष्यांसाठी माणसांना आतून चालता येईल असे उंच जाळीचे दालनही त्याच वर्षी झाले.

या सुधारणांबरोबर एक प्रश्नही आला आहे. २००७ च्या सुमारास बागेचा कायापालट करण्याची काही शेकडो कोटी रुपयांची योजना पुढे आली. ती अमलात आली तर जुन्या झाडांचे आणि बागेच्या मूळ आखणीचे काय होणार, ही शंका काही नागरिकांना आली. त्यांनी झाडांची नावे गोळा केली, नोंदी केल्या, लोकांना बागेत फिरवून झाडे दाखविली. योजना मूळ स्वरूपात पुढे गेली नाही. आम्हांस यात मोलाची वाटते ती त्यांची रीत. ज्या झाडाचे नाव माहीत नाही ते तोडले तर हळहळ वाटत नाही. नाव कळले की ते आपले होते. पिंजरा दोन वर्षांत बांधता येतो. शंभर वर्षांचे झाड मात्र पैसे दुप्पट मोजले तरी शंभर वर्षांहून लवकर मिळत नाही.

दुसरा प्रश्न दाराशी आहे. पूर्वी मोठ्या माणसास प्रवेशासाठी ५ रुपये पडत. २०१७ साली ते ५० झाले. चौघांच्या कुटुंबास १००. देखभालीस पैसा लागतो हे खरे. पण ही बाग कोणाच्या शेजारी आहे तेही पाहिले पाहिजे. लालबाग, परळ, काळाचौकी हा सारा गिरणगाव तिच्या आसपासचा. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या कामगाराला रविवारी पाय पसरावयास सावली मिळे ती येथे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, त्यांच्या जमिनींवर टोलेजंग इमारती झाल्या. मोकळी जागा कमी होत गेली आणि बागेचे मोल वाढत गेले. अशा वेळी दार अरुंद होऊ लागले तर ते शोभत नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. यंदाच्या वसंतात मुलांना घेऊन राणीच्या बागेत अवश्य जावे. पेंग्विन दाखवावा, वाघ दाखवावा, सांधलेल्या हत्तीची गोष्ट सांगावी. मग एखाद्या झाडाखाली बसून डबा सोडावा, आणि सोडण्यापूर्वी त्या झाडाचे नाव काय, हे मुलांना विचारावे. त्यांना सांगता आले नाही, तर आपण सांगावे. आपल्यालाही आले नाही, तर दोघांनी मिळून बुंध्यावरची पाटी शोधावी. आमचे जे त्या दिवशी राहून गेले, ते पुढच्या पिढीचे राहू नये.