सहाव्या वर्षाची दाढ

मूल सहा वर्षांचे होते, समोरचा दुधाचा दात हलू लागतो आणि घरातल्या सर्वांचे लक्ष त्याच्याकडे लागते; नेमक्या त्याच सुमारास, दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, कोणताही दात पडल्यावाचून एक नवी दाढ हिरडीतून वर येते, आणि तिच्यासाठी कोणी जागा खाली केलेली नसल्यामुळे पुष्कळ आईबाप तिलाही दुधाचीच समजतात. वस्तुतः ही पहिली कायमची दाढ होय. तिच्या घडणीला बाळाच्या जन्माच्या सुमारासच आरंभ झालेला असतो, आणि ती गेली तर तिच्या जागी दुसरी पाठविण्याची तजवीज निसर्गाने केलेली नाही.

खालच्या जबड्यातील या दाढेचे चर्वणपृष्ठ निरखून पाहण्याजोगे असते. गालाकडे तीन व जिभेकडे दोन असे बहुधा पाच उंचवटे त्यावर असतात, आणि त्यांमधील खाचांचा इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा आकार होतो. फ्रान्समध्ये सापडलेल्या ज्या जीवाश्म वानराला एडुआर लार्ते याने 1856 साली ड्रायोपिथेकस हे नाव दिले, त्याच्या दाढांवरही हीच रचना आढळते, इतकी ती प्राचीन आहे. वरच्या दाढेचे उंचवटे चार, मुळे तीन. शिवाय कित्येकांच्या दाढेला टाळूच्या बाजूने एक लहानसा उंचवटा चिकटलेला असतो, त्याला व्हिएन्नाच्या काराबेली या दंतवैद्याचे नाव मिळाले आहे. वरच्या दाढेचा टाळूकडील मोठा उंचवटा खालच्या दाढेच्या मधल्या खळग्यात बत्ता खलात उतरावा तसा उतरतो, आणि जबडा आडवा सरकला की घास नुसता चिरडला न जाता दळलाही जातो. या दोन दाढांचा परस्परसंबंध इतका निर्णायक आहे, की एडवर्ड अँगल याने 1899 मध्ये दातांच्या ठेवणीचे वर्गीकरण त्याच्याच आधारे केले.

परंतु ज्या खाचांमुळे दाढ दळू शकते, त्यांतच तिच्या नाशाचे मूळ असते. दाढेवरचे कठीण कवच वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असते खरे, तथापि ते घडविणाऱ्या पेशी दाढ उगवताच नाहीशा होतात, म्हणून झिजलेले वा किडलेले कवच शरीराला पुन्हा घडविता येत नाही. काही खाचा तर ब्रशच्या केसाहूनही अरुंद असतात. तेथे अडकलेल्या अन्नावर जंतू आम्ल तयार करतात आणि कीड लागते. अशा खाचा कीड लागण्यापूर्वीच राळेसारख्या द्रव्याने बुजविण्याचा साधा, वेदनारहित उपाय दंतवैद्यांजवळ आहे, आणि त्याचा लाभ पालकांनी दाढ पूर्ण वर येताच घ्यावा. ती वर येत असेपर्यंत तिचा माथा शेजारच्या दाढेहून खाली राहतो व सरळ फिरविलेला ब्रश तिला न शिवताच पुढे जातो, म्हणून त्या काही महिन्यांत आईने वा वडिलांनी स्वतःच्या हाताने ब्रश गालाच्या बाजूने आडवा घालून ती दाढ घासली पाहिजे.