हलगी, माग आणि लॅपटॉप

सकाळी 7.10
दुधाचा रतीब घालून पोरगा परत आलाय. वाटपाचे महिन्याला चार हजार मिळतात. बाकीची कमाई डीजे गाण्यांवर. इचलकरंजीतली दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, भिंतीपलीकडं मागाची शेड. खटखट रात्रीही थांबत नाही. आवाज घुमू नये म्हणून चारही भिंतींना जुन्या गोधड्या ठोकल्यात. टेबलावर 8 जीबी रॅमचा सेकंडहँड लॅपटॉप, दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस, एक माइक. आई कांड्या भरायला निघालीय. दारातून म्हणते, "आज तरी ठरीव बाबा." गाणी करायचं सॉफ्टवेअर विकत घ्यायचंय. पैसे डब्यात आहेत. कुठलं घ्यायचं, तेवढं राहिलंय.

सकाळी 8.30
पहिलं काम हळदीच्या रिमिक्सचं. दीड हजार रुपये, पाचशे आगाऊ आलेत. एफएल स्टुडिओ उघडतो. बेल्जियमच्या इमेज-लाइननं हे 1997 मध्ये 'फ्रूटीलूप्स' म्हणून काढलं. नाव 2003 मध्ये बदललं, पण जुने डीजे अजून 'फ्रूटी'च म्हणतात. समोर सोळा चौकटींची ओळ. पहिली, पाचवी, नववी, तेरावी. चार टिचक्या मारल्या की किक सुरू. हात माउसवर, डोळे भलतीकडंच. मार्टिन गॅरिक्सनं 2013 चं 'ॲनिमल्स' यातच केलं, हे त्याच्यासारख्या पोरांना पाठ असतं.

सकाळी 10.00
आधी त्याच्याकडं पेनड्राइव्हवरून आलेली चोरीची प्रत होती. तिच्यासोबत आलेल्या व्हायरसनं एका रात्रीत हार्डडिस्क खाल्ली. लग्नसराईची सगळी गाणी गेली. तेव्हापासून तो कंपनीच्या फुकट चाचणी आवृत्तीवर आहे. तिच्यात सगळं चालतं, गाणं बाहेरही काढता येतं. अडचण एकच. जतन केलेलं काम विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही. म्हणून एक गाणं एका बैठकीत. बंद करण्याआधी किक, बेस, आवाज अशी एकेक पट्टी वेगळी वेव्ह फाइल करून ठेवायची. चार मिनिटांच्या गाण्याची एक पट्टी चाळीस एमबी. अशा वीस पट्ट्या. गिऱ्हाइकानं "मधलं जरा वाढव" म्हटलं, की त्या पट्ट्या जोडून पुन्हा पहिल्यापासून. तो मजुरीत हा वेळ धरत नाही. धरायला हवा.

सकाळी 11.30
चहा. वही काढतो. लॉजिक प्रो खोडलेलं. ते ॲपलच्या यंत्रांवरच चालतं, आणि तसं यंत्र नाही. रीपरची छोटी परवाना फी 60 डॉलर. सगळ्यात स्वस्त, हलकं, जुन्या लॅपटॉपवरही पळतं. पण त्यासोबत तयार वाद्यं फारशी येत नाहीत, ती शोधून गोळा करायची. बर्लिनच्या एबलटनचं लाइव्ह त्याला मनापासून आवडलंय. त्याच्या विकत मिळणाऱ्या सर्वांत छोट्या आवृत्तीत सोळाच ट्रॅक मिळतात, सर्वांत मोठीची किंमत त्यानं लिहिलीच नाही. एफएलच्या मधल्या आवृत्तीच्या किमतीपुढं लिहिलंय, 'दहा रिमिक्स'. त्याखाली, 'पुढचे अपडेट कायम फुकट'. या ओळीखाली दोन रेघा.

दुपारी 1.50
मामा आले. हलगीवाले. सोबत कैताळ वाजवणारा भाचा. दुपारी दोन ते चार दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार, असा मेसेज काल आलाय. म्हणूनच ही वेळ. वीज नसली की माग बंद, आणि माग बंद असले तरच इथं माइक लावता येतो. लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस लॅपटॉपवर. बॅटरी दीड तास टिकते. मामा अंगणात पाचट पेटवून हलगी शेकतात. बोटानं टिचकी मारतात, ऐकतात, पुन्हा धरतात. कातडं ताणलं पाहिजे.

दुपारी 2.05
माग थांबले. गल्लीत कुणाचा तरी कुकर वाजतो, तोही ऐकू येतो. मामांच्या एका हातात जाड काठी, दुसऱ्यात बारीक छडी. हेडफोनमधली टिकटिक त्यांनी काढून टाकायला लावली. "त्या टिकटिकीवर मी न्हाई वाजवणार. माझ्या हातावर ये तू." जाड काठी मधोमध पडते तेव्हा खोलीतला पत्रा थरथरतो. बारीक छडी कडेला नाचते. तीन मिनिटांत घाम. मामांचे आठशे, भाच्याचे चारशे, चहा-भडंग वेगळं. हे कुणाच्या ऑर्डरीचं काम नाही. रिमिक्स यूट्यूबवर टाकला की मूळ गाण्याच्या कंपनीचा दावा येतो, पैसे तिकडं जातात. ही हलगी मात्र त्याची आणि मामांची. कमाई निम्मी निम्मी, असं वहीत लिहून मामांची सही घेतलीय.

दुपारी 3.10
बॅटरी 30 टक्के. मोजून बघतो. हलगी मिनिटाला 104 ठोक्यांवर सुरू झाली आणि 112 वर संपली. ती चढत गेलीय. यंत्राची किक मात्र एका चालीनं सरळ जाते. दोघांचं जमवायचं कसं, यावर सॉफ्टवेअर ठरणार. आधी लाइव्हच्या मुदतीच्या चाचणी आवृत्तीत टाकतो. त्यात ध्वनीला खिळे मारल्यासारख्या खुणा करून तो ताणता-आवळता येतो. पाच मिनिटांत हलगी सरळ झाली. किकवर अचूक बसली. मामा ऐकतात. "ही माझी न्हाई. ह्याच्यात चढच न्हाई."

मला मामांचं पटलं. हलगीत माणूस पुढं ओढला जातो तो त्या चढामुळं. आठ ठोक्यांचा तो फरक पुसायचा असेल तर हलगीवाल्याला बोलवायचं कशाला?

दुपारी 3.25
लाइव्हमध्ये उलटही होतं. ध्वनीच्या तुकड्याला पुढारी करायचं, म्हणजे सगळं गाणं त्याच्या मागून चालतं. तो तसं करतो. किक आता हलगीमागं धावते. मामा मान हलवतात. पोरगा गप्प. हे त्याला हवंय, पण पैसे तेवढे नाहीत. बॅटरी 12 टक्के.

दुपारी 4.05
वीज आली. आधी एक माग, मग दहा, मग सगळे. मामा निघाले. तो एफएलमध्ये तीच हलगी टाकतो. इथं गाण्याच्या वेगाची एक रेघ काढता येते. ती जिथं वर, तिथं वेग वर. दर चार मात्रांनी ऐकायचं, रेघ जराशी उचलायची, पुन्हा ऐकायचं. लाइव्हमध्ये जे चटकन झालं, त्याला इथं दीड तास लागला. मान आखडली. पण किक हलगीमागं आली, चढासकट. आणि सगळं त्याच्या सवयीच्या चौकटींत. शंका आली तर गल्लीतला दुसरा डीजेही एफएलवाला, रात्री अकरालाही हाक मारता येते. ठरलं. मला विचाराल तर ते सकाळीच ठरलं होतं. फक्त हलगीनं हो म्हणायचं राहिलं होतं.

संध्याकाळी 6.20
साउंडवाल्याच्या गोडाऊनमध्ये. दोन बेस, दोन टॉप. हळदीचं गाणं लावून बघायचं. खोलीत गोड वाटणारा बेस इथं गाण्याच्या शब्दांवर बसतोय. पडद्यावर तो पट्टा खाली ओढतो, किक पडेल तेव्हा बेस क्षणभर दबेल असं करतो. साउंडवाल्याला घाई. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, नियम 2000 सालापासूनचा आहे. म्हणजे हळदीला धंद्याचे तास तीनच. फाइल व्हॉट्सॲपवर जाते, डॉक्युमेंट म्हणून. ऑडिओ म्हणून पाठवली तर दबायची भीती. उरलेले हजार रुपये फोनवर आले.

रात्री 9.15
भावाचं कार्ड. पैसे जात नाहीत. परदेशी व्यवहार कार्डावर बंद असतात, ते आधी बँकेच्या ॲपमध्ये चालू करावे लागतात. भाऊ जेवता जेवता करून देतो. डब्यातले पैसे त्याला मोजून दिले. आई विचारते, "एवढ्याचं काय आलं घरात?" तो लॅपटॉपकडं बोट दाखवतो. आई ताटात अजून एक भाकरी वाढते.

रात्री 10.30
चाचणी आवृत्तीत जतन केलेली जुनी कामं आता उघडतात. यादी लांब आहे. एक उघडतो. दोन आवाज सापडत नाहीत, असं सॉफ्टवेअर सांगतं. ते मध्येच कधी पुसले गेलेत. बाकी सगळं जागच्या जागी. एक पट्टी बदलायला पूर्वी दुपार गेली असती, आता दोन मिनिटं लागली.

रात्री 11.40
फोन. पाचगावचं गिऱ्हाईक. वाढदिवसाच्या गाण्यात पोराचं नाव टाकून हवंय, सकाळी नऊच्या आत. तो तीनशे म्हणतो. पलीकडून दोनशे. अडीचशेवर ठरतं. नाव नीट लिहून पाठवायला सांगतो आणि माइक पुन्हा जोडतो. माग चालू आहेत, म्हणून गोधडी डोक्यावरून घेऊन बोलतो.