कुत्र्या-मांजराला कोरोना झालाय, हे कळतं कसं? आधी हे वाचा, मग घाबरा

घरात कुणाचा कोरोना रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की दोन-चार दिवसांत दारातलं कुत्रं शिंकलं तरी शंका येते. मग शेजारी म्हणतात, "सोडून या त्याला लांब कुठंतरी." कोरोनाच्या काळात अशा भीतीपोटी अनेक ठिकाणी मुकी जनावरं रस्त्यावर आली. म्हणून खरं काय ते समजून घेतलेलं बरं.

कोरोना एकच नाही

कोरोना हे विषाणूंच्या एका मोठ्या कुळाचं नाव आहे. कुत्र्यांचा कोरोना वेगळा, त्याने पिलांना हगवण लागते. मांजरांचा वेगळा, गाई-वासरांचाही वेगळा. हे आजार जुने आहेत. कुत्र्याच्या लसीच्या बाटलीवर 'कोरोना' लिहिलेलं दिसतं, ते याच जुन्या आजारासाठी. ती लस माणसाने घ्यायची नाही आणि तिने कुत्र्याला माणसाच्या कोविडपासून संरक्षणही मिळत नाही.

माणसाकडून जनावराला होतो का?

होतो, पण क्वचित. फेब्रुवारी २०२० मध्ये हाँगकाँगला एका म्हाताऱ्या पॉमेरेनियन कुत्र्याच्या नमुन्यात विषाणू सापडला. त्याच्या घरात माणूस आजारी होता, कुत्र्याला मात्र कोविडची लक्षणं नव्हती. मे २०२१ मध्ये हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयातले आठ सिंह पॉझिटिव्ह निघाले. कुत्र्यापेक्षा मांजराला लागण लवकर होते. कोंबड्यांमध्ये हा विषाणू वाढत नाही, असं प्रयोगांत दिसलं आहे.

बहुतेक वेळा लागण माणसाकडून जनावराला होते. जनावराकडून माणसाला झाल्याची उदाहरणं अगदी थोडी आहेत.

लक्षणावरून सांगता येतं का?

नाही. शिंका, खोकला, नाक वाहणं, सुस्ती, खाणं कमी होणं, जुलाब ही लक्षणं दुसऱ्या आजारांतही दिसतात. पुष्कळदा तर काहीच दिसत नाही. म्हणून डॉक्टर आधी दोन गोष्टी विचारतात: घरात कुणी पॉझिटिव्ह होतं का, आणि जनावराचं लसीकरण झालंय का?

उलट्या आणि रक्ताची हगवण असेल तर पिलांमध्ये पार्व्होची शंका आधी घेतात. डोळ्या-नाकातून घाण, ताप आणि झटके असतील तर डिस्टेंपरची. लाळ गळते, घास गिळता येत नाही, वागणं बदललं, तर रेबीजचा धोका धरावा. अशा वेळी तोंडात हात घालू नये. कोरोना-कोरोना करत बसलं आणि पार्व्होचे दोन दिवस वाया गेले, तर पिलू हातचं जातं.

तपासणी कशी होते?

माणसाचीच पद्धत. नाकातून, घशातून आणि गुदद्वारातून कापसाच्या काडीने नमुना घेतात. तो थंड ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात आणि आरटी-पीसीआर चाचणी होते. शरीरात आत्ता विषाणूचा अंश आहे का, ते यातून कळतं. दुसरी तपासणी रक्ताची. तिच्यात अँटिबॉडी सापडल्या तर लागण पूर्वी होऊन गेली, एवढंच समजतं.

मेडिकलमध्ये मिळणारं घरगुती किट माणसासाठी बनवलेलं असतं. कुत्र्या-मांजराच्या नाकात ते घालून आलेल्या निकालावर भरवसा ठेवू नये.

प्रत्येक शिंकणाऱ्या कुत्र्याची तपासणी करत नाहीत, तशी गरजही नसते. घरात रुग्ण असेल, जनावराला लक्षणं असतील आणि बाकीचे आजार नाहीत असं दिसलं, तरच डॉक्टर तसा विचार करतात.

घरी काय करायचं?

- घरातला माणूस पॉझिटिव्ह असेल तर जनावराचं खाणं-पाणी दुसऱ्याने बघावं. जवळ घेणं, चाटू देणं, सोबत झोपवणं बंद.
- दुसरं कुणी नसेल तर मास्क लावून, आधी आणि नंतर हात धुऊन काम करावं.
- जनावराला मास्क लावू नये. सॅनिटायझर, फिनेल अंगाला चोळू नये.
- माणसाची तापाची गोळी देऊ नये. पॅरासिटामॉलने मांजर मरू शकतं.
- आजारी जनावर वेगळ्या जागी, सावलीत बांधावं, पाणी भरपूर ठेवावं.
- तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावं किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करावा. घरात कोरोनाचा रुग्ण असल्याचं डॉक्टरांना आधीच सांगावं.

लागण झालेली बहुतेक कुत्री-मांजरं साध्या देखभालीने बरी होतात. राखणीचं कुत्रं रस्त्यावर सोडलं तर कोरोना जात नाही. उलट ते उपाशी राहतं, दुसऱ्या कुत्र्यांशी भांडतं आणि रेबीजचा धोका गावालाच वाढतो.